अडीच मिलीसाठी ७८ किलोमीटर

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक

विषय : तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रेबीजचं सिरम ठेवायला मिळालेला नकार

महोदय,

माझ्या अर्जाला आलेलं उत्तर मागच्या आठवड्यात हाती पडलं. चार ओळींचं पत्र आहे. ‘तालुका स्तरावर सदर सिरमची मागणी अत्यल्प असल्याने साठा ठेवणे व्यवहार्य नाही. गरजू रुग्णांना जिल्हा रुग्णालयात संदर्भित करण्यात येते,’ असं त्यात लिहिलं आहे. मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती पोरीच्या गालावरच्या वणाकडे पाहत राहिली. त्या पत्राला मी हे उघड उत्तर देतो आहे, कारण दुसरा अर्ज केला तर तोही त्याच फायलीत जाईल.

मी वर्धा नदीच्या काठच्या एका गावात शेती करतो. साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बीएस्सी झालो, नोकरी लागली नाही, वावर सांभाळलं. माझं नाव, गाव, सही सगळं आपल्याकडच्या अर्जावर आहे. इथे देत नाही, कारण ज्या सिस्टरनं आणि ज्या डॉक्टरांनी माझ्या पोरीसाठी धावपळ केली त्यांना यातून त्रास होऊ नये.

कार्तिकातली गोष्ट. वेचणी जोरात होती, आम्ही दोघंही वावरात. सात वर्षांची पोरगी शाळेतून येऊन आजीजवळ अंगणात खेळत होती. सव्वाचारच्या सुमारास गल्लीतून एक कुत्रं धावत आलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. आधी तिच्या हाताला आणि मग डाव्या गालाला, डोळ्याच्या जरा खाली चावलं. जाताजाता शेजाऱ्याच्या गोठ्यापुढे बांधलेल्या गोऱ्ह्यालाही चावून गेलं.

आई हळदीचा डबा घेऊन धावली. समोरच राहणाऱ्या आशाताईंनी तो तिच्या हातून काढून घेतला. ‘हळद नोका लावू काकू, आधी धू द्या तिले,’ म्हणत त्यांनी लेकराला हापशीवर नेलं आणि कपड्याच्या साबणानं, वाहत्या पाण्याखाली, मोबाइलमध्ये वेळ लावून पंधरा मिनिटं जखमा धुतल्या. पोरगी किंचाळत होती, लोक ‘पुरे आता’ म्हणत होते, ताईंनी हात थांबवला नाही. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टन असतं आणि साबणानं ते फुटतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी ते आशाताईंना आठवलं, आणि मी गावात नव्हतो.

सहा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. तिथे सिस्टरनं दोन्ही दंडांवर कातडीच्या थरातच लसीचा पहिला डोस दिला आणि स्पष्ट सांगितलं, ‘गालावरचा चावा आहे, रक्त आलं आहे, ही तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी झाली. नुसत्या लसीवर भागत नाही, सिरम लागते. आमच्याकडे ते येत नाही.’ तिथून ग्रामीण रुग्णालय, २२ किलोमीटर. तिथे ड्रेसिंग झालं आणि जिल्ह्याला जायला सांगितलं. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. शेवटची एसटी गेली होती, १०८ दुसऱ्या पेशंटला घेऊन बाहेर होती. कापूस जिनिंगला पोचवून परत आलेली एक पिकअप मिळाली. तिच्या सीटवरही कापूस होता, पोरीच्या गालावरच्या पट्टीला त्याचे तंतू चिकटले होते. गावापासून ७८ किलोमीटर. सिरम लागलं तेव्हा रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी आधी तिचं वजन केलं. १८ किलो. घोड्याचं सिरम किलोला ४० युनिट या हिशेबानं द्यायचं, म्हणजे ७२० युनिट. वायलमध्ये एका मिलीत ३०० युनिट. हिशेब झाला २.४ मिली. चहाचा अर्धा चमचा. ते त्यांनी दंडात किंवा मांडीत नाही, गालावरच्या आणि हाताच्या जखमेतच, कडेकडेनं थोडं थोडं टोचलं. पोरीनं माझा अंगठा घट्ट धरला होता. ‘बाबा, डोयात तं नाई टोचत ना?’ एवढंच विचारत होती.

साहेब, या अर्ध्या चमच्यात काय असतं आणि लसीत काय असतं, यातला फरक आपल्याला मी सांगावा असं नाही. पण हे पत्र गावातही वाचलं जाणार आहे, आणि गावात दोन्हीला ‘इंजेक्शन’ असंच म्हणतात. म्हणून लिहितो.

रानडुकरं आणि रोही वावरात पडायला लागले की आपण जागल करतो. लस म्हणजे घरच्या पोराला जागलीसाठी तयार करणं. लसीत मेलेला विषाणू असतो, तो रोग देत नाही, नुसती ओळख देतो. ती ओळख पटली की शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याच विषाणूला नेमक्या चिकटतील अशी प्रथिनं बनवू लागतात. ती म्हणजे प्रतिपिंडं, ज्यांना कोरोनात आपण सगळे अँटीबॉडी म्हणायला शिकलो. प्रतिपिंडं विषाणूला सगळीकडून चिकटली की त्याला पेशीत शिरायला वाट उरत नाही. शिवाय शरीर ही ओळख लक्षात ठेवतं, पुन्हा गाठ पडली तर वेळ घेत नाही. पण पहिल्यांदा शिकायला आठ ते पंधरा दिवस जातात. पोरगा कितीही हुशार असला तरी पहिल्या रात्रीच त्याला डुकराचा माग कळत नाही.

सिरम म्हणजे तोवर बाहेरून रोजानं आणलेला तयार जागल्या. घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. ती शिकत नाहीत, शिकवत नाहीत, काही आठवड्यांत संपूनही जातात. पण पहिल्या तासापासून कामाला लागतात. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. तो जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या आधारानं मेंदूकडे चढत जातो. तंतूत शिरला की प्रतिपिंडांचा हात तिथे पोचत नाही, म्हणून त्याला जखमेतच गाठायचं असतं. गालापासून मेंदू किती लांब आहे? रेबीजनं मरणाऱ्या दर दहांपैकी चार जण १५ वर्षांखालची मुलं असतात. कुत्र्याचं तोंड आणि लेकराचं तोंड एकाच उंचीवर येतं. लक्षणं सुरू झाल्यावर मात्र या रोगातून जवळजवळ कोणीच वाचत नाही.

तयार प्रतिपिंडांची गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. गाय व्याली की पहिल्या दोन-चार तासांत वासराला चीक पाजायचा, हे माझ्या आजीला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. गाईच्या पोटात असताना वासराला आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून येतात. एक दिवस उलटला की वासराचं आतडं ती रक्तात घेणं बंद करतं. मग घागरभर चीक पाजला तरी ते संरक्षण मिळत नाही. सिरमलाही अशीच वेळ आहे. लसीच्या पहिल्या डोसाबरोबर ते द्यायचं, अगदीच जमलं नाही तर सात दिवसांच्या आत. त्यानंतर लसीनं शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागतात आणि सिरम उलट त्यांच्या आड येतं. ही सात दिवसांची मुदत ज्याच्या हाताशी गाडी आहे त्याला मोठी वाटते. ज्याची दिवसाची मजुरी बुडते तो ‘उद्या-परवा जिल्ह्याला जा’ हे ऐकून घरी येतो, आणि त्याचे सात दिवस निघून जातात.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार आपल्या पत्रातल्या ‘अत्यल्प मागणी’ या शब्दांबद्दल आहे. पोरीच्या केसपेपरची नक्कल मागायला मी ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं आहे : कुत्रा चावा, ड्रेसिंग. बस. तिला सिरमची गरज होती, ते इथे नव्हतं, म्हणून जिल्ह्याला पाठवलं, यातलं एक अक्षरही नाही. तसा रकानाच नाही. त्याच पानावर कुत्रा चावल्याच्या आणखी चार नोंदी मला दिसल्या, त्यांच्यापुढेही ड्रेसिंग एवढंच. त्यातल्या किती जणांचा चावा तिसऱ्या श्रेणीचा होता, कितींना सिरमसाठी पाठवलं, कितीजण खरोखर पोचले? जिल्हा रुग्णालयाला फक्त पोचलेले दिसतात, आणि तालुक्याला, नोंदच नसल्यामुळे, कोणीच दिसत नाही. माल नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून माल ठेवत नाही, असं दुकानदार म्हणाला तर आपण त्याला चार शब्द सुनावू. इथे माणसांचे जीव आहेत.

दुसरी तक्रार आपल्या दोघांच्या मधल्या भिंतीबद्दल. पीएचसी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालय शल्य चिकित्सकांकडे. मी पहिला अर्ज एका कार्यालयात दिला तर ‘हे त्यांच्याकडे येतं’ म्हणून परत आला. म्हणून हे पत्र दोघांनाही एकत्र आहे. पोरीला कुत्रं चावलं तेव्हा कोणतं रुग्णालय कोणाच्या अखत्यारीत येतं, हे पाहून चावलं नव्हतं.

तिसरी गोष्ट त्या गोऱ्ह्याची.

चावल्यानंतर एकतिसाव्या दिवशी त्यानं वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा, आवाज बसलेला, सारखं हंबरत होतं. घशात काही अडकलं असेल म्हणून मालकानं कोपरापर्यंत हात त्याच्या तोंडात घातला. दोघांनी जबडा धरला होता. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले, त्यांनी लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, पिसाळलं आहे. दुसऱ्या दिवशी ते मेलं. चावल्याबरोबर गोऱ्ह्यालाही लस देता आली असती, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष माझ्या पोरीकडे होतं, त्यात मीही आलो.

ज्या हातांना ती लाळ लागली ते कापूस वेचणाऱ्याचे हात होते. बोंडाच्या टोकांनी बोटांवर जे ओरखडे पडतात ते वेचणी संपेपर्यंत भरत नाहीत. फाटलेल्या कातडीला पिसाळलेल्या जनावराची लाळ लागली तर तीही तिसरीच श्रेणी. तिघंही गुरुवारी पीएचसीत गेले. तिथे सांगितलं गेलं की एका वायलमधून पाच जणांचे डोस होतात, फोडली की सहा-आठ तासांत वापरावी लागते, अजून दोन पेशंट जमले की फोडू, सोमवारी या. तिघं सोमवारी गेले. चार दिवस वायल वाचवण्यात गेले. वायल वाया घालवली तर कर्मचाऱ्याला जाब विचारला जातो हे मला कळतं. चार दिवस वाया गेल्याचा जाब मात्र कोणी विचारला नाही.

सिरमसाठी मालक जिल्ह्याला गेलाच नाही. गाडीभाडं, दोन दिवसांची मजुरी, वर गोऱ्ह्याचं नुकसान. लसीचे डोस मात्र त्यानं सगळे घेतले, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, एकही चुकवला नाही, आशाताईंनी चुकवू दिला नाही. तो आज ठणठणीत आहे. पण हा रोग बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतो आणि कधीकधी त्याहून बराच उशिरा. सकाळी तो गोठ्यातून हाक मारतो, ‘चाल, चहा घे,’ तेव्हा मी आधी त्याच्या पेल्याकडे पाहतो. पाणी, चहा नीट उतरतो आहे ना, हे पाहतो. त्याला ते माहीत आहे. तो मुद्दाम सावकाश घोट घेऊन दाखवतो.

आपल्या कार्यालयात मला तोंडी एक कारण सांगण्यात आलं, पत्रात ते नाही. घोड्याच्या सिरमची रिॲक्शन येऊ शकते, तालुक्याला ती जोखीम नको. या कारणाचा मी आदर केला असता, जर त्याच ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचं औषध रोज तयार नसतं. विदर्भात पावसाळा म्हणजे साप. आपल्याकडे त्याला ‘सापाची लस’ म्हणतात, पण तीही लस नव्हे, तयार प्रतिपिंडंच आहेत, आणि तीही घोड्याच्याच रक्तातून काढलेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर ते चालतं आणि त्याचीही रिॲक्शन येते. आपले डॉक्टर ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवून ते देतात आणि माणसं वाचवतात. जो डॉक्टर रात्री दोन वाजता घोणस चावलेल्याला सांभाळतो, तो एका लेकराच्या गालात अडीच मिली सिरम का देऊ शकत नाही?

एक काळजी आणखी आहे, आणि ती मला सिरमच्या किमतीपेक्षा मोठी वाटते. लस घेऊनही कोणी दगावल्याचं कानावर आलं की पारावर लगेच निघतं, ‘मंग कायले घ्या लस?’ बहुतेक वेळा लस कमी पडलेली नसते, तिच्याबरोबर जे द्यायचं ते दिलेलं नसतं. पण पारावर एवढा खुलासा कोण करणार? बदनाम होते ती लस, आणि मग गोवर, घटसर्प, धनुर्वाताच्या लसीसाठी येणाऱ्या सिस्टरलाही दारातून ‘लेकरू घरी नाई’ असं सांगितलं जातं.

हा विश्वास मुळात आपल्याच खात्यानं कमावलेला आहे. माझ्या आईच्या दंडावर देवीचे दोन गोल वण आहेत. देवी काढणारा माणूस गावात आला की पोरं ज्वारीच्या कणग्यांमागे लपत, असं ती सांगते. तिच्या मामेबहिणीचे डोळे देवीनं गेले होते. १९८० मध्ये तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, त्यासाठी किती रविवार सिस्टर आणि आशाताई नदीपलीकडच्या पारधी बेड्यावर, वीटभट्टीवर डबा घेऊन चालत गेल्या ते आम्ही पाहिलेलं आहे. रेबीजची लस पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या मुलाला दिली, तोही कुत्रा चावलेलाच होता. तयार प्रतिपिंडांनी रोग अडवता येतो हे बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वात आणि घटसर्पावर दाखवलं. हे ज्ञान सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे. आमच्या तालुक्यापर्यंत यायला त्याला अजून किती लागतील? कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्रानं २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर केला. त्या वर्षाला आता फार दिवस नाहीत.

माझ्या मागण्या या आहेत.

१. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रेबीजचं सिरम बारा महिने, चोवीस तास उपलब्ध ठेवावं. किमान साठा ठरवून तो दारावरच्या फलकावर लिहावा. घोड्याचं सिरम मिळत नसेल तर देशात तयार होणारी मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं घ्यावीत.

२. कुत्रा चाव्याच्या नोंदीत चाव्याची श्रेणी, सिरम दिलं की नाही, नसेल तर कुठे पाठवलं आणि पेशंट तिथे पोचला का, हे रकाने घालावेत. पाठवलेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी फोन व्हावा.

३. एकच पेशंट असला तरी त्याच दिवशी वायल फोडावी. उरलेली लस वाया गेली म्हणून कोणत्याही सिस्टरकडून खुलासा मागू नये, तसं लेखी कळवावं.

४. सिरम तालुक्याला येईपर्यंत तिसऱ्या श्रेणीच्या पेशंटला जिल्ह्याला नेण्या-आणण्याची गाडी खात्यानं द्यावी.

५. पशुसंवर्धन विभाग आणि ग्रामपंचायतीला सोबत घेऊन गावातल्या कुत्र्यांना लस टोचावी. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर त्यांच्यातला रोगाचा फैलाव तुटतो. आमच्या गावात कुत्री पकडून द्यायला पंधरा पोरं तयार आहेत, त्यांची यादी मी अर्जाला जोडली आहे. त्यांनाही आधी लस द्यावी लागेल, तेवढं लक्षात असू द्यावं.

गावकऱ्यांनाही दोन शब्द. कुत्रं, मांजर, माकड कोणीही चावो किंवा ओरबाडो, तिखट, चुना, हळद काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि लगेच दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, त्या भीतीनं घरी बसू नका. रक्त आलेलं असेल तर सिरमबद्दल स्वतःहून विचारा आणि सिरम नसेल तर ‘नाही’ असं केसपेपरवर लिहून मागा. जनावर लाळ गाळत असेल तर त्याच्या तोंडात हात घालू नका.

महोदय, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आपल्या कार्यालयात येतो आहे. सोबत गोऱ्ह्याचा मालक आणि आशाताई असतील. ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरची मागच्या सहा महिन्यांतली कुत्रा चाव्याच्या नोंदींची पानं मागवून ठेवावीत, ही विनंती. त्यातल्या प्रत्येक नावाला आपल्यासमोर बसून फोन लावायची माझी तयारी आहे.

आपला,
वर्धा नदीकाठचा एक कापूस उत्पादक शेतकरी